पोरीला अर्धं कळलंय, तुम्ही सांगायचं राहिलंय

या वेळचं पत्र सोलापूरच्या एका ताईंचं आहे. थोडं कमी करून आणि ओळख पटेल असं सगळं काढून देतेय.

"ताई नमस्कार. मी पूर्व भागात राहते, घरी विड्या वळते, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. माझा भाऊ आणि वहिनी दोघं एचआयव्हीने गेले, ८ वर्षं झाली. त्यांची मुलगी तेव्हापासून माझ्याकडेच आहे, आत्या म्हणते पण मी पोटच्या पोरीसारखी वाढवलीय. तिलाही जन्मापासून आहे. सिव्हिलमधून गोळ्या चालू आहेत, मी कधी खंड पडू दिला नाही. तिला सांगितलंय की तुझं रक्त कमी आहे म्हणून रक्तवाढीची गोळी आहे. आता १३ ची झाली, आठवीत आहे. गेल्या महिन्यात गादी उन्हात घालायला काढली तर खाली १९ गोळ्या निघाल्या. सेंटरवर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, वाढलाय म्हणाले, २२ हजार. मी तिला मारलं आणि मग मीच रडत बसले. ती म्हणते शाळेत तपासलंय, माझं रक्त १२ आहे, मग गोळी कशाला. काउन्सिलर मॅडम म्हणतात आता तिला खरं सांगा. माझी हिंमत होत नाही. तिने जिवाचं काही बरंवाईट केलं तर? शाळेत बोलून गेली तर? सासूबाई आधीच तिचं ताट-तांब्या वेगळं ठेवतात, तांब्याला दोरा बांधलाय. पाळी पण अजून आली नाही. पुढं लग्नाचं कसं. डिसेंबरमध्ये शाळेची ३ दिवसांची सहल आहे कोकणात, पाठवू की नको तेही सांगा."

ताई, आधी त्या १९ गोळ्यांचंच बोलू, कारण मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नांची गाठ तिथं आहे. तुमच्या पोरीने काय केलं बघा. तिला सांगितलं होतं रक्त कमी आहे म्हणून गोळी. शाळेत तपासणी झाली, १२ निघालं, तिला कुणीतरी सांगितलं असणार की १२ म्हणजे चांगलं आहे, मग तिने हिशोब केला की रक्त भरलं म्हणजे गोळीचं काम संपलं. या हिशोबात तिचं काय चुकलं सांगा? आपण तिला दिलेली माहितीच खोटी होती, त्यावरून तिने काढलेलं उत्तर एकदम बरोबर आहे. पोरगी हुशार आहे तुमची. तिला मारलं त्याचं तुम्हाला वाईट वाटतंय ते पत्रात दिसतंयच, त्यावर मी अजून काही बोलत नाही, फक्त तिच्याजवळ बसून एकदा म्हणा की मी मारायला नको होतं, मी घाबरले होते. मोठ्यांनी असं म्हटलं की पोरं आतून हलकी होतात.

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून एवढं बोलतेय. मी काही वर्षं काउन्सिलर म्हणून काम केलं, सुरुवातीच्या काळात एका मुलाला मीच सांगितलं होतं की बाळा ही शक्तीची गोळी आहे. शाळेच्या स्पर्धेत तो पळण्यात पहिला आला, आणि पुढच्या तारखेला आजीसोबत आला तेव्हा डबी जवळजवळ भरलेली. मला म्हणाला, मॅडम, शक्ती आली की आता. काय उत्तर देणार होते मी? त्या दिवसापासून मी एकाही लेकराला शक्तीची, रक्ताची, दम्याची असलं काही सांगितलं नाही.

तर सांगायचं, हे नक्की. मॅडम बरोबर बोलतायत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितलंय की शाळेत जाणाऱ्या वयाच्या, म्हणजे ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्यांचा आजार थोडा थोडा करून सांगायला हवा. तुम्ही उशीर केला असं म्हणून तुम्हाला टोचत नाहीये, भाऊ-वहिनी गेल्यावर ५ वर्षांचं लेकरू उचलून घरी आणलं आणि ८ वर्षं न चुकता गोळी दिली, हे किती जणांनी केलं असतं. पण आता तेरावं संपायच्या आत सांगा, कारण आता सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी सांगेल आणि ते भांडणात सांगेल.

आणि एक गोष्ट, तुम्हाला वाटतं तिला काहीच माहीत नाही. ताई, ती आठवीत आहे, तिला वाचता येतं. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या, भिंतीवर एचआयव्हीचे लाल रिबीनवाले पोस्टर असतात, ती तिथं बाकावर तासतास बसलीय. ग्रीन बुक, म्हणजे तिच्या उपचाराच्या नोंदींची वही, तुमच्या पिशवीत असतं. गोळीच्या डबीवर नाव छापलेलं असतं, आणि मोबाईलवर नाव टाकायला किती वेळ लागतो? शिवाय घरात एक तांब्या आहे ज्याला दोरा बांधलाय आणि तो फक्त तिचा आहे. रक्त कमी असलेल्या मुलीचा तांब्या वेगळा कशाला ठेवतील? हा प्रश्न तिने तुम्हाला विचारला नसेल, स्वतःला विचारलाच असणार. मी जेवढ्या मुलांना सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांना अर्धंमुर्धं माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते खऱ्यापेक्षा भयंकर होतं. एकीला वाटत होतं आपण ४-५ महिन्यांत मरणार आहोत, कोणी सांगत नाहीये. ती तसं धरून दीड वर्ष एकटी जगत होती.

जिवाचं बरंवाईट करेल याची भीती खरी आहे, तिला मी उडवून लावणार नाही. पण प्रेमाच्या माणसाकडून, शांतपणे, "तू जगणार आहेस" या वाक्यासोबत कळलं की पोरं सावरतात, हे मी खूपदा बघितलंय. रडतील, चिडतील, ८ दिवस बोलणार नाहीत. त्या दिवसांत तिला एकटी सोडू नका, झोप-जेवण बघत राहा, आणि मरायचं वगैरे काही बोलली तर नाटक समजू नका, लगेच मॅडमना सांगा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ आहे, तोही फुकट.

आता कसं सांगायचं. एका बैठकीत सगळं ओतू नका. परीक्षा जवळ नसेल असा दिवस बघा, सासूबाई घरात नसतील अशी वेळ बघा, किंवा सरळ सेंटरवर मॅडमच्या खोलीत सांगा, पण तुम्ही शेजारी पाहिजे, हात हातात पाहिजे. सुरुवात प्रश्नाने करा. "तुला काय वाटतं गं, ही गोळी कशाची असेल?" मग गप्प बसा. ती काय बोलते ते पूर्ण ऐका, तिथूनच पुढं जायचं. मग साध्या शब्दांत, असं काहीतरी:

"रक्तवाढीची गोळी आहे असं मी सांगितलं होतं ते खरं नव्हतं. तू लहान होतीस म्हणून तसं सांगितलं. आपल्या रक्तात सैनिक असतात, आजाराशी लढणारे. तुझ्या रक्तात एक विषाणू आहे जो त्या सैनिकांना मारतो. ही गोळी त्याला झोपवून ठेवते. गोळी थांबली की तो उठतो. मागच्या तपासणीत तो उठलाय असं दिसलं. त्याचं नाव एचआयव्ही. तो तुला जन्माच्या वेळी आला, तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस."

नाव घ्यायला घाबरू नका, १३ व्या वर्षी नाव सांगायलाच हवं, नाव लपवलं की तिला वाटेल अजून काहीतरी लपवलंय. ती विचारेल की आईने मला का दिलं. हा प्रश्न येतोच, आज नाहीतर महिन्याने. तेव्हा भावाला-वहिनीला दोष देऊ नका, आणि "तुझ्या बापाने केलं सगळं" हे तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका, मनात कितीही असलं तरी. वहिनीची गरोदरपणात तपासणी झाली होती का, तिला कधी कळलं, हे जे तुम्हाला खरं माहीत असेल तेवढंच सांगा. आणि आईचं दुसरं काहीतरी द्या तिला. वहिनीचा फोटो असेल, साडी असेल, एखादी आठवण असेल. आईची आठवण म्हणून हातात फक्त आजार राहू नये.

शाळेत बोलून जाईल याचं. तिला "कुणाला सांगशील तर बघ" असं धमकावू नका, त्याने तिला वाटतं ही लाजेची गोष्ट आहे. असं सांगा की ही आपली घरची गोष्ट आहे, तुझा बँकेचा पासबुक जसा वर्गात कुणाला दाखवत नाहीस तसं, आणि कधी कुणाला सांगावंसं वाटलं तर आधी आपण दोघी बोलू. शाळेला कळवायची तुमच्यावर काहीही सक्ती नाही. एचआयव्हीचा कायदा २०१७ ला झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारणं, काढून टाकणं, वेगळं बसवणं हे सगळं बेकायदा आहे आणि संमतीशिवाय दुसऱ्याचा आजार उघड करणंही. तिचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर नातेवाईकांना पाठवत असाल तर ते मात्र आजपासून बंद.

आता २२ हजाराचं. हा आकडा म्हणजे १ मिली रक्तात विषाणू किती सापडले तो. १००० च्या वर गेला की सेंटरवाले सावध होतात. त्याचा अर्थ औषध वाया गेलं असा लगेच होत नाही, आपल्याला तर कारण गादीखाली सापडलंय. आता बहुतेक तिला दर महिन्याला बोलावतील, गोळ्या मोजतील, ३ महिने नीट घेतल्या की परत व्हायरल लोड करतील. तेव्हा खाली आला तर हीच गोळी चालू राहते. नाही आला तर औषध बदलायचा विचार होतो, दुसऱ्या ओळीची औषधं असतात, तीही सरकारी सेंटरवर फुकटच. पण अधूनमधून गोळी चुकवत राहिलं की विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग हातातले पर्याय कमी होत जातात, तिला तर अजून ५०-६० वर्षं काढायचीत, म्हणून हे ३ महिने फार महत्त्वाचे आहेत आणि ते खरं सांगितल्याशिवाय नीट जाणार नाहीत.

गोळी चुकायची दुसरीही कारणं असतात, ती बघा. तुमचं घर एका खोलीचं असेल, रात्री ९ ला सगळे टीव्हीसमोर, आणि त्यात हिने उठून डबी काढायची. ३० गोळ्यांच्या डबीचा तो खडखड आवाज! मोठी माणसंही त्या आवाजाला घाबरतात, डबीत थोडा कापूस घातला की आवाज येत नाही. ३० किलोच्या वर वजन गेलेल्या मुलांना आता बहुतेक मोठ्यांचीच एक गोळी देतात, डोल्युटेग्राविरवाली. ती सकाळी घेतली काय रात्री घेतली काय, जेवणाआधी की नंतर, तसा फरक पडत नाही, वेळ रोज तीच पाहिजे एवढंच. तेव्हा डॉक्टरांना विचारा की सकाळी शाळेत जायच्या आधी चालेल का, आणि ती वेळ तिला ठरवू द्या. विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

सकाळ ठरली तर एक लक्षात ठेवा. शाळेत आठवड्यातून एकदा निळी लोहाची गोळी देतात. लोह, कॅल्शियम, पित्ताचं पातळ औषध, हे डोल्युटेग्राविरच्या फार जवळ घेतलं की ती गोळी पोटात नीट शोषली जात नाही. एचआयव्हीची गोळी आधी घेतली असेल तर मध्ये २ तास जाऊ द्यायचे, लोहाची आधी घेतली असेल तर ६ तास. सकाळी ७ ला ही आणि दुपारच्या जेवणानंतर ती, काही अडचण नाही. आणि डबी पत्र्याजवळच्या फळीवर ठेवू नका, सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पत्र्याखाली भट्टी, खाली सावलीत कोरड्या जागी ठेवा.

तुम्ही विड्या घरी वळता म्हणून सांगते, तंबाखूचं सूप शक्यतो बाहेर ओट्यावर घेऊन बसा आणि तिला विड्या वळायला बसवू नका, ती धूळ तिच्या फुफ्फुसाला नको. एचआयव्ही असलेल्या मुलांना टीबी लवकर धरतो. खोकला, ताप, वजन न वाढणं, घरात-शेजारात कुणाला टीबी, यातलं काही असेल तर तारखेची वाट न बघता दाखवायचं. खाण्याचं म्हणाल तर महागडे पावडरचे डबे आणू नका, भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, अंडं, हंगामातलं फळ, एवढं पोटभर मिळालं तर पुष्कळ.

सासूबाईंचा तांब्या. एका ताटात जेवल्याने, एकाच तांब्यातून पाणी प्यायल्याने, एका गादीवर झोपल्याने, डास चावल्याने, एकच संडास वापरल्याने, पापा घेतल्याने एचआयव्ही होत नाही. ८ वर्षं ती तुमच्या घरात आहे, घरात दुसऱ्या कुणाला झाला का? सासूबाईंशी भांडून हे होणार नाही, त्यांना पुढच्या तारखेला सेंटरला घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, म्हाताऱ्या माणसांना सुनेपेक्षा डॉक्टरचं पटतं. पण दोरा तुम्ही आजच सोडा. आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या देखत तुम्ही तिच्या ताटातला घास खा. मला एका मुलीने सांगितलेलं अजून आठवतं, की आजारापेक्षा माझ्या ग्लासला लावलेला नेलपॉलिशचा ठिपका मला जास्त टोचायचा. ती पाहुणे आले की तो ठिपका नखाने खरवडत बसायची.

पाळीचं आत्ता टेन्शन घेऊ नका. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुली उंचीला थोड्या कमी राहतात, वयातही थोड्या उशिरा येतात. १३ ला न येणं तसं विशेष नाही, पण छातीची वाढ वगैरे काहीच दिसत नसेल तर पुढच्या तारखेला डॉक्टरांना सांगा, आणि १५ पूर्ण होऊनही आली नाही तर तपासणी करायचीच. वजन-उंची दर वेळी नोंदवून घ्या, मुलांचा डोस वजनावर असतो.

लग्नाला अजून खूप वेळ आहे, आधी ती दहावी-बारावी होऊ दे. तरी तुमच्या मनाला आधार म्हणून सांगते. गोळी नीट घेऊन व्हायरल लोड तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर नवऱ्याला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता पक्कं सिद्ध झालंय. आणि उपचार नसले तर आईकडून बाळाला जाण्याचं प्रमाण १०० मध्ये १५ ते ४५ असतं, नीट उपचार असले की ते ५ च्याही खाली येतं. म्हणजे तुमच्या पोरीचं पोर निरोगी जन्मू शकतं. हे तिलाही सांगा, पहिल्या दिवशी नाही, पण लवकरच. लग्न मात्र कधीही आजार लपवून करायचं नाही. त्याआधी, १५-१६ च्या आसपास, शरीराबद्दल, मुलांबद्दल तिच्याशी कुणीतरी मोकळं बोलायला पाहिजे, तुम्हाला अवघड वाटलं तर मॅडमना सांगा.

मी या कामात आले तेव्हा अशा मुलांबद्दल लोक "बघू किती दिवस काढतंय" असं बोलायचे. आपल्याकडे फुकट एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, आणि मुलांसाठी वेगळी औषधं २००६ च्या शेवटी, त्याआधी मोठ्यांच्या गोळ्या तोडून अंदाजाने द्यायच्या. त्या तोडलेल्या गोळ्यांवर जगलेली पोरं आज नोकऱ्या करतायत. पंढरपूरला मंगलताई शहांच्या 'पालवी' या संस्थेत कितीतरी अशी मुलं वाढली, शिकली. तुमच्या पोरीला तर घर आहे, आत्या आहे.

पैशाचंही बघून घ्या, तुम्ही विचारलं नाही पण सांगते. आईवडील नसलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, एचआयव्ही असलेली मुलंही त्यात बसतात, महिन्याला २२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा. भाऊ-वहिनीचे मृत्यूचे दाखले, तिचा जन्मदाखला, आधार काढून ठेवा. कुठे काय जोडायचं हे सेंटरच्या मॅडमना माहीत असतं, त्यांना विचारा, एजंटला पैसे देऊ नका.

सहलीला पाठवा. मात्र खरं सांगणं त्याआधी झालेलं पाहिजे, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या, नाहीतर गोळ्या परत कुठल्यातरी लॉजच्या गादीखाली जातील. ३ दिवसांच्या ३ गोळ्या आणि गाडी लेट झाली तर म्हणून २ जास्तीच्या, छोट्या कोरड्या डबीत, कंगवा-पावडरच्या पाऊचमध्ये ठेवायच्या, मोठी बॅग गाडीच्या टपावर जाते, हे पाऊच तिच्याजवळ राहील. बाईंना फक्त एवढं सांगा की तिची एक रोजची गोळी चालू आहे, ती स्वतः घेते. कशाची हे त्यांनी विचारलं तर डॉक्टरांनी दिलीय म्हणायचं, बास. आणि डबी तुम्ही भरू नका, तिलाच मोजून भरू द्या.